वाघूरचा पावसाळा

करमाडमध्ये धबधबा नाही. रेल्वे स्टेशन आहे, जालना रोड आहे, उड्डाणपुलाखाली चहाच्या टपऱ्या आहेत, पलीकडे शेंद्र्याच्या एमआयडीसीची धुराडी आहेत. उन्हाळ्यात टँकर येतात आणि पाऊस पडलाच तर ओढ्याला चार दिवस गढूळ पाणी असतं. त्यामुळे ऑगस्टमध्ये कुणी ग्रुपवर पांढऱ्याशुभ्र पाण्याचा व्हिडिओ टाकला की आमच्याकडची पोरं वेडी होतात.

तसाच व्हिडिओ आला आणि ठरलं. अकरा जण, एक भाड्याची क्रूझर, रविवार. रविवार अशासाठी की निम्म्यांना कंपनीत सुट्टी त्याच दिवशी. ठिकाण अजिंठ्याचा सातकुंड धबधबा. ग्रुपवर एकाने विचारलं, "लेणी पण बघायची का?" त्याला उत्तर आलं, "लेणी शाळेत असताना बघितली भावा. आता धबधबा."

मी त्या उत्तरावर हसणारा इमोजी टाकला होता. परत आलो तेव्हा तो काढून टाकावासा वाटला. का, ते सांगतो.

करमाडहून अजिंठा शंभरेक किलोमीटर. पहाटे निघून आम्ही सिल्लोडचा रस्ता धरला. दोन्ही बाजूंना मका आणि कपाशी, मधूनच भुरभुर पाऊस. सिल्लोड सोडलं, अजिंठा गाव मागे पडलं, तरी जमीन सपाटच. डोंगर चढतोय असं कुठेच वाटत नाही, कारण आपण आधीपासूनच डोंगरावर असतो. मराठवाड्याचं पठार इथे येऊन संपतं आणि खाली खानदेश पसरलेला असतो. शाळेच्या नकाशात अजिंठ्याची रांग म्हणजे सुरवंटासारखी एक रेघ असायची. प्रत्यक्षात ती पठाराची मोडलेली कड आहे.

या कडेचा एक परिणाम गाडीतल्या सगळ्यांना नवीन होता. करमाडला पडलेला पाऊस ओढ्यानाल्यांतून गोदावरीला जातो आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळतो. अजिंठ्याच्या कड्यावर पडलेला पाऊस उत्तरेला उडी मारतो, वाघूर नदी होतो, तापीत जातो आणि अरबी समुद्र गाठतो. वाटेत वाघूरवर धरण आहे आणि जळगाव शहर त्यातलं पाणी पितं. हे सांगितल्यावर मागच्या सीटवरून आवाज आला, "म्हणजे पाणी आपलं आणि नळ जळगावला!" गाडीत बराच वेळ यावर वाद चालला. मराठवाड्यातल्या माणसाला पाण्याचा हिशोब लगेच कळतो.

घाट उतरण्याआधी डावीकडे व्ह्यू पॉइंटचा फाटा लागतो. तिथे वर लेणापूर नावाचं गाव आहे. या नावावर जरा थांबायला हवं, पण ते नंतर.

व्ह्यू पॉइंटवर आधी धुकंच दिसलं. मग वारा आला आणि खालची दरी उघडली. वाघूर इथे घोड्याच्या नालेसारखं वळण घेते. समोरच्या काळ्या कड्याची उंची ७६ मीटर, म्हणजे साधारण अडीचशे फूट. त्या कड्याच्या पोटात एका ओळीत तीस लेणी, या टोकापासून त्या टोकापर्यंत अर्धा किलोमीटरहून थोडी जास्त. आणि वळणाच्या टोकाला, जिथे दरी संपते असं वाटतं, तिथे धबधबा. तो एका झेपेत खाली येत नाही. एका कुंडात पडतो, भरतो, सांडतो, पुढच्या कुंडात पडतो. अशी सात कुंडं. म्हणून सातकुंड.

पायऱ्या पडण्याचं कारण दगडात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले आणि दख्खन तयार झाला. काही थर टणक, काही ठिसूळ. पाणी ठिसूळ थर लवकर खातं, टणक थर पायरीसारखा उरतो. याच आडव्या थरांमुळे माणसाला कड्यात सरळ आत शिरता आलं. एकाच दगडात पाण्याने कुंडं कोरली आणि माणसांनी लेणी, हे वरून एका नजरेत दिसतं.

आमच्यातला एक जण कठड्याजवळच्या दगडाशी खाली बसला होता. बघतो तर हातात गाडीची किल्ली. दगडावर आधीच बाण मारलेली हृदयं, गावांची नावं, तारखा होत्या. हा स्वतःचं नाव कोरायच्या तयारीत. मी म्हटलं, "तुझ्या आधी एका इंग्रजाने हेच केलंय. त्याचं नाव जगभरच्या पुस्तकांत छापतात." किल्ली थांबली. म्हटलं चला, आता गोष्ट सांगायला मोकळीक आहे.

गोष्ट तुम्हाला माहीत असेल. जॉन स्मिथ हा ब्रिटिश अधिकारी वाघाच्या शिकारीला आला. दरीच्या या बाजूने त्याला झाडीत कोरीव कमान दिसली. एका गुराखी पोराने त्याला वाट दाखवली, असंही सांगतात. ती कमान दहाव्या लेण्याची. आत एका खांबावर बुद्धाचं चित्र होतं, त्यावरच त्याने नाव कोरलं, पलटण लिहिली, २८ वी कॅव्हलरी, आणि तारीख टाकली: २८ एप्रिल १८१९. ते नाव आजही आहे, पण आपल्या डोक्याच्या बरंच वर. कारण स्मिथ उभा होता तो शतकानुशतकं साचलेल्या मातीच्या ढिगावर. पुढे माती उपसली, जमीन खाली गेली आणि स्मिथ वर लटकून राहिला.

मला यातली तारीख खुणावते. एप्रिल. एप्रिलच्या अखेरीला या डोंगरातलं जंगल उघडंबोडकं असतं. साग, सालई, सगळ्यांची पानं झडलेली. आज आम्ही उभे होतो तिथून हिरव्या गर्दीत अर्ध्या कमानी झाकलेल्या होत्या, त्याला मात्र त्या मोकळ्या दिसल्या असणार. धबधबा त्या महिन्यात नसतोच. उरतं ते खालच्या कुंडातलं पाणी, आणि उन्हाळ्यात वाघ पाण्याला येतो, शिकारी वाघामागे येतो. नदीच्या नावातही वाघ आहेच. हा माझा अंदाज आहे, पण मला तो पटतो: अजिंठ्याचा तथाकथित शोध लागला तो पाणी आटल्यामुळे.

तथाकथित म्हणतोय, कारण गुराख्याला जे ठाऊक होतं त्याचा शोध कसा लागेल? वरच्या गावाचं नावच लेणापूर. गावाने स्वतःच्या नावात लेणं ठेवलंय आणि आपण पोरांना शिकवतो की १८१९ पर्यंत कुणाला काही माहीत नव्हतं.

इंग्रजांना मात्र हा मुलूख खरंच नवा होता. १८०३ मध्ये इथून जवळच असईला वेलस्लीने शिंदे आणि भोसल्यांच्या फौजांचा पराभव केला, आणि जखमी सैनिकांचा दवाखाना अजिंठा गावात होता. म्हणजे इंग्रज लेण्यांपासून दोन-तीन कोसांवर येऊन राहिले होते आणि त्यांना पत्ता नव्हता. पुढे मुलूख निजामाकडे राहिला. डोंगरात भिल्लांची सत्ता चालायची. १८२४ मध्ये जेम्स अलेक्झांडर नावाचा अधिकारी लेणी बघायला आला तेव्हा लोकांनी त्याला वाघांची आणि भिल्लांची अशी दुहेरी भीती घातली. त्याच सुमारास, १८२५ मध्ये, खानदेशात जेम्स औट्रमने भिल्लांचीच पलटण उभी केली. कन्नडहून चाळीसगावला उतरणारा औट्रम घाट त्याच्याच नावाचा. ज्यांच्यामुळे दरीत जायची भीती वाटायची त्यांना ही दरी पाठ होती, एवढं यातून नक्की कळतं. त्यांनी खांबावर नाव लिहिलं नाही, एवढंच.

किल्ली खिशात गेली. माझ्या गोष्टीमुळे गेली की पाऊस जोरात आला म्हणून, ते विचारलं नाही.

आडोशाला टपरीत भजी खाताना आमच्यातला एक मित्र म्हणाला, "आई विचारत होती, भंते राहायचे ती जागा दाखवशील का फोटोत." त्याच्या घरी आषाढी पौर्णिमेपासून वर्षावास पाळतात. गावातल्या विहारात तीन महिने रोज संध्याकाळी बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथाचं वाचन असतं. मावशी शेतातून येतात, हातपाय धुतात, पांढरी साडी नेसून जाऊन बसतात. एकही दिवस चुकवत नाहीत. आम्ही लहानपणापासून त्या घरी जेवतो, पण वर्षावास म्हणजे नेमकं काय, हे आम्ही दहा जणांनी कधी विचारलं नव्हतं.

त्याने सांगितलं, आणि मी घरी आल्यावर थोडं वाचलं. बुद्धाचे भिक्खू मूळचे फिरस्ते. आज या गावी, उद्या त्या गावी. विनयपिटकात कथा आहे की लोकांनी तक्रार केली: हे भिक्खू भर पावसातही फिरतात, कोवळं गवत तुडवतात, लहान जीव पायाखाली मारतात. इतर पंथांचे साधूसुद्धा पावसात एका जागी राहतात, पाखरंसुद्धा झाडाच्या शेंड्यावर घरटं करून बसतात, मग यांनाच काय झालं? तेव्हा बुद्धाने नियम केला: पावसाळ्याचे तीन महिने एका जागी मुक्काम. तोच वर्षावास. तीन महिने राहायचं तर छप्पर हवं. झोपडी वाहून जाते, कडा वाहून जात नाही. डोंगरात कोरलेल्या विहारांमागची मूळ गरज ही.

म्हणजे लेणी पावसाळ्यासाठी आहेत. आपण धबधबा बघायला ज्या महिन्यांत जातो, नेमक्या त्याच महिन्यांत राहायची ती घरं. पुढे भिक्खू बारमाही राहू लागले, मूर्ती आल्या, चित्रं आली, राजे आणि मंत्री देणग्या द्यायला लागले. पण सुरुवात पावसापासून झाली.

मग हीच दरी का? जागेचे निकषही ठरलेले होते. गावापासून फार लांब नको, कारण भिक्षेला जायचंय. फार जवळ नको, कारण गलबला नको. इथून जवळून पैठणहून उत्तरेला उज्जैनकडे जाणारी व्यापाराची वाट जायची. वाटेवर भोकरदन, तेव्हाचं भोगवर्धन. तिथल्या लोकांनी दिलेल्या दानांचे लेख थेट सांची आणि भारहुतला सापडतात, इतकं ते सधन गाव होतं. थोडक्यात, वाटेपासून हाकेच्या पलीकडे, पण चालण्याच्या अलीकडे. आणि टोकाला कुंडं, जी पावसानंतरही पाणी धरून ठेवतात. मराठवाड्यात राहणाऱ्या माणसाला हा मुद्दा समजावून सांगावा लागू नये.

हे फक्त अजिंठ्यापुरतं असतं तर मी योगायोग म्हटलं असतं. वेरूळला २९ व्या लेण्याशेजारी धबधबा कोसळतो, त्याला सीतेची न्हाणी म्हणतात. कन्नडजवळ गौताळ्याच्या जंगलात पितळखोरं आहे, तिथेही दरी आणि पावसाळ्यात कोसळणारं पाणी. पितळखोऱ्याला तर कारागिरांनी नागाच्या फण्यांना भोकं पाडून वरून पाणी आणायची सोय केली होती. पैठणच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचं दान तिथल्या खांबावर नोंदलंय, आणि तिथे सापडलेल्या यक्षाच्या हातावर कान्हदास नावाच्या सोनाराने आपण हे घडवल्याचं लिहून ठेवलंय. नाव लिहायची हौस जुनीच. फक्त त्याने आधी यक्ष घडवला.

जेवणं उरकून आम्ही घाट उतरलो. फर्दापूरच्या फाट्यावर गाडी ठेवावी लागते, पुढचे चार किलोमीटर सरकारी बस. एव्हाना लेणी बघायची की नाही हा वाद मिटला होता. मावशींना फोटो न्यायचा होता.

लेण्यांसमोरून आज जो सलग दगडी रस्ता जातो तो अलीकडचा आहे. मूळ बांधणीत तो नव्हता. प्रत्येक लेण्याचा स्वतःचा जिना होता आणि तो खाली नदीकडे उतरायचा. काही ठिकाणी त्या जिन्यांच्या खुणा अजून दिसतात. एकदा हे कळलं की सगळी रचनाच बदलते. आपण तिकीट काढून एका दारातून दुसऱ्या दारात जातो, तसं तिथे कुणी फिरत नव्हतं. दारातून बाहेर पडलं की समोर पाणी. नळाची रांग नसलेला नदीघाटच तो.

१६ व्या लेण्याचा जिना सर्वांत भारी. खाली दोन दगडी हत्ती, वर चढताना बसलेला नागराज. हे लेणं वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने करवलं. पाचव्या शतकाचा उत्तरार्ध. वाकाटकांची ही शाखा वत्सगुल्मची, म्हणजे आजच्या वाशीमची. वराहदेवाचा संस्कृत शिलालेख बाहेरच्या भिंतीवर आहे. त्यात खिडक्या, दारं, चित्रं यांच्या कौतुकाबरोबर भरपूर पाण्याची सोय आणि नागराजाचं स्थान यांचाही उल्लेख येतो. मंत्र्याने मिरवायच्या गोष्टींत पाणी धरलं, हे मला फार आवडलं. नाग हा पाण्याचा राखणदार, म्हणून तो दारात.

सातव्या शतकात चिनी यात्रेकरू शुआनझांग, आपल्या पुस्तकांतला ह्युएन त्संग, महाराष्ट्रात येऊन गेला. त्याने अंधाऱ्या दरीतल्या एका विहाराचं वर्णन केलंय: उंच दालनं, दाराशी दगडी हत्ती, आणि अचल नावाच्या अर्हताने तो बांधल्याची कथा. २६ व्या लेण्यातल्या शिलालेखात स्थविर अचलाचं नाव सापडतं. तो स्वतः दरीत उतरला नसावा, ऐकून लिहिलं असावं, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. ऐकून लिहिलं तरी त्याला दरी आठवली आणि हत्ती आठवले.

चित्रांबद्दल मी इथे फार लिहीत नाही. पद्मपाणी सगळ्यांनी पाहिलाय. मला सांगायचंय ते चित्रं उतरवायला आलेल्या माणसांबद्दल. १८४४ मध्ये रॉबर्ट गिल आला आणि वर्षानुवर्षं नकला काढत राहिला. त्या लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या होत्या, १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून राबले. त्यांच्याही कितीतरी नकला १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम आल्या, सोबत नंदलाल बोस, असितकुमार हलदार आणि हैदराबादचे सय्यद अहमद. त्या दोन्ही वेळा हिवाळ्यात आल्या. ओल्या भिंती, पाझरणारं छत, वटवाघळं, यात पावसाळ्यात कोण कागद पसरणार? स्मिथ कडक उन्हाळ्यात आला, चित्रकार कोरड्या थंडीत. जगाने पाहिलेला अजिंठा हा कोरड्या दिवसांचा अजिंठा आहे. गिल अपवाद. तो इथेच, अजिंठा गावच्या बारादरीत राहिला. त्याच्या पारोची कबर गावात आहे, तारीख २३ मे १८५६. त्या दोघांवर शेजारच्या पळसखेड्याच्या ना. धों. महानोरांनी 'अजिंठा' हे दीर्घकाव्य लिहिलं आणि २०१२ मध्ये नितीन देसाईंनी त्यावर चित्रपट काढला. त्यातला पाऊस आमच्या ग्रुपला पाठ आहे.

एक गोष्ट कबूल करायला हवी. ज्या पाण्यासाठी लेणी इथे आली तेच पाणी चित्रांचं शत्रू आहे. वरच्या पठारावर मुरलेला पाऊस दगडाच्या भेगांतून भिंतीपर्यंत येतो, मातीचा गिलावा फुगतो, सुटतो. निजामाच्या पुरातत्त्व खात्याने १९२० मध्ये इटलीहून दुरुस्ती करणारे बोलावले. त्यांनी निखळणारे तुकडे धरून ठेवले, पण वर दिलेला लाखेचा थर पुढे पिवळा पडला. चित्रकारांनी पावसाच्या घरात चित्रं काढली आणि ती दीड हजार वर्षं टिकली, हेच नवल.

१२ वं लेणं साधं आहे. इसवी सनाआधीचं, चित्रं नाहीत, मूर्ती नाहीत. चौकोनी दालन, तीन बाजूंना चार-चार अशा बारा खोल्या. खोलीत समोरासमोर दोन दगडी ओटे. म्हणजे चोवीस माणसं. गाईड लोक इथे थांबत नाहीत, त्यामुळे आम्हीच होतो. एक जण ओट्यावर आडवा झाला. सहा फुटांचा गडी, पाय बाहेर. "डोक्याला उशी पण दगडाचीच का रे?" सगळे हसले, मग बोलणं आपोआप थांबलं. दाराबाहेर पाऊस कोसळत होता आणि खोलीत वाघूरचा आवाज असा भरला होता की तो बाहेरून येतोय हे विसरायला व्हावं. तीन महिने दिवसरात्र हाच आवाज. त्या चोवीस जणांनी पहाटे उठून पहिलं काय केलं असेल? पाणी किती चढलं ते बघितलं असेल. आम्हीही बाहेर आल्यावर तेच केलं.

पाणी चढलं होतं. खालच्या कुंडाकडे जाणाऱ्या वाटेवर पहारेकरी काकांनी आडवा हात केला. "आज नाही बाळांनो. वर पाऊस लागलाय." आम्ही गयावया केली, शंभर किलोमीटरवरून आलोय म्हणालो. ते म्हणाले, "ते कुठे जात नाही. तुम्ही जाल." गेल्या काही वर्षांत या कुंडांपाशी सेल्फीच्या नादात घसरलेल्यांच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. आम्ही परत फिरलो. ज्या धबधब्यासाठी निघालो होतो त्याच्या पाण्याला अकरापैकी एकाचाही हात लागला नाही.

रात्री साडेनऊला करमाडला पोचलो. विहारातलं वाचन संपलं होतं, मावशी ओट्यावरच बसल्या होत्या. पोरांनी मोबाईल पुढे केले. धबधबा वरून, धबधबा स्लो मोशनमध्ये, धबधब्यासमोर अकरा जण. त्या एकेक बघत "छान आहे रे" म्हणत होत्या. मग त्या खोलीचा फोटो आला, अंधुक, फ्लॅश न मारता काढलेला. त्यांनी मोबाईल स्वतःच्या हातात घेतला, दोन बोटांनी दगडी ओटा मोठा केला आणि विचारलं, "इथे ओल येत होती का?"

"नाही मावशी," मी म्हटलं. "कोरडं होतं."

"मग बरंय," त्या म्हणाल्या, आणि फोटो आपल्या मोबाईलवर पाठवायला सांगितला.